कुठले जाधव?

जाधव सरांना कोणी आडनाव विचारलं की मी इकडेतिकडे बघायला लागायचे. आडनाव विचारणारा मराठी माणूस आडनावावर थांबत नाही. तो आधी "जाधव का? अरे वा," म्हणणार, मग पिशवी या हातातून त्या हातात घेणार आणि अगदी गोड आवाजात पुढचं विचारणार, "कुठले जाधव?" सरांना एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण ते चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "आमच्या ऑफिसात टाउनसेंड म्हणून एक साहेब आहेत. टाउनसेंड हे आडनाव कसं पडलं, माहितीय का तुम्हाला?"

मग पुढचा अर्धा तास इंग्लंड.

सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या भल्यामोठ्या दुकानात एकदा असंच झालं. मी आणि सर ज्वारीचं पीठ शोधत होतो. आमचं बोलणं ऐकून एक आजोबा थांबले. मुलाकडे राहायला आले होते, मराठी कानावर पडलं म्हणून खूश झाले होते. माझं आडनाव त्यांनी आधी विचारलं. मी जोशी म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. जोशी म्हटलं की पुढे फार तर कोकणातले की देशावरचे एवढंच विचारतात, आणि तेही चहा घेता घेता. मग ते सरांकडे वळले. सर जाधव म्हणाले. आजोबा म्हणाले, "कुठले जाधव?"

मी पिठाच्या पिशवीवरची तारीख वाचायला लागले.

सरांनी आजोबांना सांगितलं की इंग्रजांमध्ये पुष्कळ आडनावं घर कुठे होतं यावरून पडली आहेत. हिल म्हणजे टेकडीवरचा. ब्रुक म्हणजे ओढ्याकाठचा. वेल्स असेल तर एखादे वेळी विहिरीजवळचा. ग्रीन म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गायरानाशेजारचा. आणि टाउनसेंड म्हणजे गावाच्या टोकाला राहणारा. त्या काळी टाउन म्हणजे शहर नव्हे, गावच. आता टोक तर प्रत्येक गावाला असतंच, म्हणून टाउनसेंड इंग्लंडभर जिकडेतिकडे सापडतात आणि एका टाउनसेंडचं दुसऱ्याशी काडीचंही नातं नसतं. आजोबांच्या ढकलगाडीतल्या गोठवलेल्या मटारच्या पाकिटाला पाणी सुटलं होतं. शेवटी ते म्हणाले, "मी आपलं सहज विचारलं हो," आणि डाळींच्या दिशेला निघून गेले.

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "सर, सरळ सांगून टाकायचं ना."

"सरळ विचारलं कोणी?" सर म्हणाले.

हे ऐकून मी आणखी चिडायचे.

मधुकर जाधव हे त्यांचं पूर्ण नाव. तांजोंग पगारला एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पावसाचं पाणी शहरातून बाहेर कसं न्यायचं याची आखणी करायचं आमचं काम. मी आले तेव्हा सर तिथे जुने झाले होते. बुटके, जाड चष्म्याचे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात वर्षभर छत्री. तिची एक काडी वाकलेली होती, पण नवी घ्या म्हटलं की "ही चालते" म्हणायचे. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगी क्षितिजा इथेच वाढली, रॅफल्स प्लेसला एका बँकेत नोकरीला होती. दोघं एका सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायची.

कुठेही गेले तरी सर आधी उतार बघायचे. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या गजबजलेल्या जागी, ट्रे घेऊन बसलो की बाटलीच्या झाकणातून टेबलावर थोडं पाणी सांडायचे. ते ज्या बाजूला ओघळेल त्या बाजूला स्वतः कधी बसायचे नाहीत, मलाही बसू द्यायचे नाहीत. भोवती लोक जागा शोधत उभे असायचे, माझं सूप निवत असायचं आणि हे वाकून पाणी बघत असायचे. "झालं का सर?" मी विचारायचे. "पाण्याला घाई नाही, तुलाच घाई," असं म्हणायचे. कुणाच्या घरी गेले तर बूट काढता काढता बाथरूमचा उतार नीट आहे का ते विचारायचे. लोकांना वाटायचं, हा गृहस्थ विक्षिप्त आहे. तसे ते होतेही.

कंत्राटदारांशी फोनवर भांडण तर रोजचंच. "वॉटर डझ नॉट रीड युअर ड्रॉइंग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य आलं की आम्ही ओळखायचो, आता आखणी पुन्हा पहिल्यापासून होणार आणि शनिवार गेला. एकेक पातळी ते पुनःपुन्हा तपासायचे. सगळं ऑफिस वैतागायचं. पण त्यांनी आखलेल्या भागात पाणी तुंबलं असं मी कधी ऐकलं नाही, त्यामुळे वैताग गिळावा लागायचा. गावाकडचे कोणी नातेवाईक त्यांना एकदा म्हणाले होते, एवढं शिकून परदेशात जाऊन शेवटी गटारंच का? हे सांगताना सर हसायचे. म्हणायचे, "पण इथं पाणी कुठं जायचं ते मी ठरवतो."

टाउनसेंड साहेब आमच्या ऑफिसचे प्रमुख. मोठे अघळपघळ, आनंदी गृहस्थ. एका दुपारी जेवताना त्यांनीच आपल्या आडनावाची गोष्ट सांगितली. गावाच्या टोकाला राहणारा, म्हणून टाउनसेंड. फोनवर एक फोटो दाखवला. दगडी घरांची गल्ली, शेवटच्या घरावर गुलाबाचा वेल, दाराशी पितळी पाटी. तिथे त्यांचा चुलतभाऊ अजून राहतो म्हणे. "माझा कुणी पणजोबाचा पणजोबा गावात घर परवडत नव्हतं म्हणून टोकाला राहिला असणार," असं म्हणून ते मोठ्याने हसले.

सरांनी फोटो बराच वेळ बघितला. मग विचारलं, "तुमच्या गावाचा ओढा कुठल्या बाजूला वाहतो?"

"कधी बघितलं नाही बुवा," अशा अर्थाचं काहीतरी साहेब म्हणाले.

सर हसायला लागले. आधी साधं हसू होतं, मग ते थांबेना. चष्मा काढून डोळे पुसायला लागले. साहेबांना वाटलं आपला विनोद फारच जमला, तेही पुन्हा हसले. मला मात्र ते हसणं ऐकवेना. त्या दिवसापासून सरांना ते आडनाव जे चिकटलं ते चिकटलंच. कुठकुठली पुस्तकं आणून वाचली. कुठल्या परगण्यात टाउनसेंड जास्त, कुठे कमी, कुठे नुसतं एंड एवढंच आडनाव शिल्लक राहिलंय, हे तोंडपाठ झालं. साहेबांनासुद्धा ते ऐकून ऐकून कंटाळा आला असावा. ते सर येताना दिसले की फोन कानाला लावायचे.

यामागे काय आहे ते मला कळलं एका कालव्याच्या काठावर. आम्ही पाहणीला गेलो होतो आणि पाऊस आला म्हणून पुलाखाली थांबलो. काही मिनिटांपूर्वी तळाशी रेघभर पाणी असलेला तो काँक्रीटचा कालवा बघता बघता अर्धा भरला. सर कठड्याला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"आमच्या गावात ओढा होता. वरच्या अंगाला विहीर आणि मारुतीचं देऊळ. त्याच्या खाली पाटलांचा मळा. मग गावातल्या बायकांची धुणी. मग गुरं पाण्यावर यायची. मग गाव संपायचं. संपल्यावर थोडं मोकळं रान, आणि मग आमची वस्ती. पाणी आमच्यापर्यंत येईपर्यंत सगळ्या गावाचं करून झालेलं असायचं. आई ते फडक्यातून गाळायची. विहीर वर होती, पण तिथं आम्ही जायचं नाही. मी लहानपणी विचार करायचो, हा ओढा उलटा वाहिला तर?" त्यांनी छत्री झटकली. "टाउनसेंड साहेब कुठला आणि मी कुठला, पण घर दोघांचंही गावाच्या टोकाला. त्यांनी त्याची पितळी पाटी केली. आम्ही ते कुणाला कळू नये म्हणून गाव सांगताना तालुक्याचं नाव सांगतो."

मी म्हटलं, "सर, आता कोण विचारतं असलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला नाही विचारत," ते म्हणाले.

सरांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. जो घरी जाईल त्याला पहिल्या क्षणी दिसेल असा. म्हणजे लपवायचं काहीच नव्हतं. मग मोघम प्रश्नाला इंग्लंडचं उत्तर कशासाठी? मी हे त्यांना त्या पुलाखालीच विचारलं. ते म्हणाले, "त्यांना जात विचारायची असते, पण विचारताना दिसायचं नसतं. मग मीही नकाशा काढून देतो. त्यातून ओळखावं त्यांनी. एकदा तरी कुणीतरी स्वतःहून म्हणावं, की अहो, हे तर आपल्याकडचंच झालं. मला तेवढं ऐकायचंय."

कुणी म्हणत नव्हतं. हे बघत राहणं फार त्रासाचं होतं. सरांचा तर राग यायचाच, पण समोरच्यांचा जास्त यायचा. चांगली शिकलेली, मोठ्या मोठ्या कंपन्यांत कामं करणारी माणसं, आणि इतकं समोर मांडलेलं त्यांना दिसू नये?

पुढे एकदा तर याच लोकांनी सरांना व्यासपीठच दिलं. आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीस शुभांगीताई. उत्साही बाई, कार्यक्रम कुठलाही असो, शंभर माणसांचं जेवण सहज पार पाडणाऱ्या. त्यांच्या कानावर गेलं की जाधवांचा आडनावांचा अभ्यास आहे. त्यांनी गणपतीच्या कार्यक्रमात 'आडनावांच्या गमतीजमती' असं भाषण ठेवलं. सगळ्यांना वाटलं, आता गोडबोले, ढमढेरे वगैरे होणार, पोट धरून हसायचं.

सरांनी पांढऱ्या फळ्यावर एक गाव काढलं. ओढा काढला, बाणाने उतार दाखवला. वरच्या बाजूला विहीर. तिच्याजवळ एक देऊळ, देवळावर शेंदरी मार्करने, हो, शेंदरीच, मारुती. खाली मळा, धुण्याचे दगड, गुरांची जागा. वेस काढली. वेशीच्या पलीकडे मोकळी जागा सोडून काही लहान चौकोन काढले. हे सगळं करता करता ते हिल, ब्रुक, ग्रीन सांगत होते. शेवटी त्या लहान चौकोनांवर बोट ठेवून त्यांनी सभागृहाला विचारलं, "आता सांगा, या टोकाला कोण राहायचं?"

सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "टाउनसेंड."

आणि हशा झाला. टाळ्या पडल्या. पोरांनी तर पुन्हा पुन्हा ओरडून घेतलं. सर बोट तसंच ठेवून उभे होते. इंग्लंडच्या गावात मारुती कुठून आला, हे विचारायला त्या गर्दीतलं एकही माणूस उठलं नाही. आभार मानताना शुभांगीताई म्हणाल्या, "जाधव साहेबांनी आज इंग्रजांची आडनावं सांगितली, पुढच्या वर्षी आपली सांगतील." मागच्या बाजूला बटाटेवडे आले होते, लोक तिकडे वळले. सरांनी फळा स्वतः पुसला. मी मदतीला गेले तर म्हणाले, "मारुती नीट काढला होता ना गं?" मला तिथल्या प्रत्येकाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आणि नशीब असं, की याच शुभांगीताईंच्या अनिकेतशी क्षितिजाचं जुळलं. दोघं एकाच बँकेत होते, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. मुलगा चांगला होता, हसतमुख, क्षितिजा त्याच्याबद्दल बोलताना खुलायची. रीतीप्रमाणे एकदा घरी या, म्हणून शुभांगीताईंचा निरोप आला. सर माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघितलं. "तू चल," म्हणाले. "घरातलं बाईमाणूस असतं अशा वेळी. तू ताईंना ओळखतेस."

मी म्हटलं, "येते. पण एक अट. इंग्लंडला जायचं नाही."

"नाही जाणार."

"त्या विचारणार सर. त्या विचारल्याशिवाय राहणार नाहीत. विचारलं की लगेच सांगून टाकायचं. एका वाक्यात."

"एका वाक्यात," ते म्हणाले. जाताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, क्षितिजानेही बजावलं, "पप्पा, टुडे नो टाउनसेंड, ओके? प्लीज लाह."

शुभांगीताईंचं घर उंचावर, काचेतून समुद्रातली उभी जहाजं दिसत होती. कांदेपोहे होते, वर ओलं खोबरं. अनिकेतच्या वडिलांनी सरांशी सिंगापुरातल्या उकाड्याबद्दल गप्पा मारल्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला वाटलं, जाऊ दे, होतंय नीट. मग शुभांगीताई पुन्हा पोहे घेऊन आल्या आणि सरांच्या बशीत घालता घालता म्हणाल्या, "आम्ही नाही हो मानत तसलं काही. पण गावाकडे सासूबाई विचारतात, त्यांना काहीतरी सांगावं लागतं. कुठले जाधव म्हणून सांगू?"

मी सरांकडे बघितलं. क्षितिजाने बघितलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि खाली ठेवला. मनातल्या मनात मी ते वाक्य म्हणतही होते, ते नुसतं त्यांच्या तोंडून बाहेर यायला हवं होतं.

"ताई," सर म्हणाले, "गणपतीत मी फळ्यावर गाव काढलं होतं. आठवतंय?"

"हो हो. टाउनसेंड." ताई हसल्या. "आता तुमचं सांगा."

"माझंच सांगतोय." सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ही विहीर. खोबऱ्याची वाटी त्याच्याजवळ ठेवली. हे देऊळ. चमचा आडवा ठेवला, हा ओढा. स्वतःची बशी टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवली. "इथं कोण राहायचं, सांगा."

"अहो, टाउनसेंड ना," ताई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात कंटाळा होता. "पण जाधव साहेब, मी आपलं सहज विचारते हो, तुमचं मूळ—"

"आँटी," क्षितिजा म्हणाली. "तिकडे हनुमान टेम्पल आहे. इंग्लंडमध्ये हनुमान टेम्पल कुठे असतं? इट्स हिज व्हिलेज. वी आर बुद्धिस्ट. पप्पांचं घर व्हिलेजच्या बाहेर होतं, बिकॉज दे वर नॉट अलाउड इनसाइड. दॅट्स ऑल. पप्पा वॉन्टेड यू टू गेस."

अनिकेतच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. मग शुभांगीताई म्हणाल्या, "अगं मग एवढंच ना? त्यात काय," आणि चहा कुणाकुणाला ते विचारायला लागल्या. त्यानंतर त्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मुलीला स्वयंपाक येतो का, लग्न इथे की तिकडे, काही म्हणजे काही नाही. ज्या बाईला रांगेतल्या अनोळखी माणसाचीही सगळी चौकशी करायची असते तिचे प्रश्न एकाएकी संपले. अनिकेत खाली मान घालून पोहे खात होता. निघताना ताई दारापर्यंत आल्या, "कळवते" म्हणाल्या.

काही कळवलं नाही. अनिकेतने क्षितिजाला लांबलचक मेसेज पाठवला, आईला थोडा वेळ दे, ती वाईट नाहीये, वगैरे. क्षितिजाने त्याला नाही म्हणून सांगितलं. मी तिला समजवायला गेले होते. मला वाटत होतं, तो पुढेमागे उभा राहिला असता. ती म्हणाली, "आँटी, त्याच्या आईने विचारलं, फाइन. मी आन्सर देत होते तेव्हा अनिकेत जस्ट केप्ट ईटिंग." मग तिने तोंड फिरवलं.

सरांनी तिला एका शब्दाने काही म्हटलं नाही. मला मात्र ऑफिसच्या जिन्यात गाठून म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तिला सांगावं लागलं नसतं. त्यांनी ओळखावं म्हणून मी बसून राहिलो, आणि बोलायला लागलं पोरीला." मी म्हटलं, तुमची काय चूक, विचारणाऱ्यांनी लाजायला हवं. हे मी म्हटलं खरं, पण मला सरांचा भयंकर राग आला होता आणि तो त्यांना दिसला असणार. एका वाक्याचं काम होतं. पुन्हा वाटायचं, आपल्या घराची जागा सांगायला इतकं बळ एकवटावं लागतं हेच मुळात संतापजनक आहे, मग मी त्यांच्यावर कशाला चिडते? या दोन्ही रागांचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर टाउनसेंडचं नाव सरांनी काढलं नाही. हॉकर सेंटरला पाणी सांडणंही थांबलं. कुठेही बसायचे, मुकाट्याने जेवायचे. मी एकदा मुद्दाम झाकणात पाणी घेऊन त्यांच्यापुढे धरलं. "राहू दे," म्हणाले.

मग त्यांची नोकरी संपली आणि त्यांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. क्षितिजा इथेच राहणार होती. जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं लिटिल इंडियात भेटलो. त्यांना बहिणीसाठी साड्या आणि भाच्यांसाठी चॉकलेटं घ्यायची होती. खरेदी आटोपून आम्ही एमआरटीच्या फलाटावर उभे होतो. त्या दोघांची गाडी एका बाजूला, माझी दुसऱ्या. छत्रीची ती वाकडी काडी सर उगाच सरळ करत होते.

"तुम्ही मराठी का?" मागून आवाज आला. कोवळा मुलगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात तांदळाची पिशवी. नुकताच पुण्याहून आला होता. इथे कुणी ओळखीचं नाही, मराठी ऐकून बरं वाटलं, असं सगळं भरभर बोलला. मला तो आवडला. वाटलं, ही नवी पोरं तरी निराळी असतील.

"काका, आडनाव काय आपलं?"

"जाधव."

"अच्छा." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कुठले जाधव?"

मला फलाटावरच ओरडावंसं वाटलं. क्षितिजाने डोळे मिटून घेतले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. छत्री काखेत धरली आणि त्या मुलाकडे नीट बघून ते म्हणाले, "आम्ही बौद्ध. पूर्वीचे महार. गावात घर नव्हतं, गावाबाहेर होतं, ओढ्याच्या खालच्या अंगाला."

एवढंच. इतकी वर्षं ज्याची मी वाट बघितली ते वाक्य असं, कुणा अनोळखी पोराला, गाडीची वाट बघता बघता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ते समुद्र दिसणारं घर, ती खोबऱ्याची वाटी आणि क्षितिजाचा चेहरा आठवला आणि मी नुसती चरफडले.

मुलगा लाल झाला. "नाही नाही काका," तो म्हणाला, "मी आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच सांगितलं," सर म्हणाले.

गाडी आली. क्षितिजाने एकदम सरांचा हात धरला आणि म्हणाली, "चला पप्पा, आपली गाडी." मराठीत. मग ती दोघं आत गेली, तो मुलगाही त्याच डब्यात चढला. त्यांना बसायला जागा मिळाली. सरांच्या शेजारची एक जागा रिकामी होती. मुलगा दाराजवळच दांडा धरून उभा राहिला आणि वर लावलेला स्टेशनांचा नकाशा वाचायला लागला. सरांनी मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली, त्याला हाताने खूण केली आणि शेजारच्या जागेवर थोपटलं, इथं बस म्हणून. मुलाने मान वळवली.

दारं बंद झाली, गाडी सुटली. मी काचेला डोळे लावून दोन पावलं पळालेही. तो बसला की नाही, ते मला दिसलं नाही.